थोरली मसूरकरीण, धाकटी मसूरकरीण

गेल्या निवडणुकीत मी चुलतीला मतदानाला घेऊन गेले होते. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव, मे महिन्याचे ऊन, शाळेच्या फाटकापासून नियमाप्रमाणे लांब, कडुलिंबाखाली मांडलेले टेबल आणि त्यावर दगड ठेवून दाबलेल्या मतदार यादीच्या झेरॉक्स. टेबलामागे तालुक्याहून आलेला एक पोरगा चिठ्ठ्या लिहून देत होता. त्याने चुलतीला आडनाव विचारले, तिने सांगितले, आणि तो पाने उलटत हसला. "आज्जी, या आडनावानं पानंच्या पानं भरल्यात. मालकांचं नाव सांगा." चुलतीने आयुष्यात नवऱ्याचे नाव उखाण्याबाहेर घेतलेले नाही, तिने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्याआधीच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "आरं, थोरल्या मसूरकरणीची चिठ्ठी काढ की!" आणि पोराशेजारी बसलेल्या आमच्या भावकीतल्या माणसाने एका झटक्यात बरोबर पान काढून त्यावर बोट ठेवले. चिठ्ठी मिळाली, मत पडले, शाई लागली, आम्ही घरी आलो. पण ते उघडे पान माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्या पानावर एकाच आडनावाची माणसे खालपर्यंत उतरत गेली होती. मध्ये एखादे गुरवाचे घर, एखादे परटाचे, मग पुन्हा तेच. बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, वय आणि तेच आडनाव. केवळ हा कागद हाती देऊन कोणाला गावाचा इतिहास लिहायला सांगितला, तर तो लिहील की इथे कधी कोणी बाहेरून आले नाही; एका पुरुषाची संतती वाढत गेली आणि तिनेच गाव भरले. कागदाप्रमाणे चुलतीही त्या संततीतलीच आहे. प्रत्यक्षात ती कऱ्हाड तालुक्यातल्या मसूरची. पन्नासहून अधिक वर्षे ती आमच्या गावात राहते आहे, आणि या साऱ्या काळात गावाने तिला तिच्या नावाने क्वचितच ओळखले. शेजारची वाईकरीण, पलीकडची पुसेगावकरीण, विहिरीजवळची रहिमतपूरकरीण, तशी ही मसूरकरीण. आणि 'थोरली' का, तर घरात एक धाकटी मसूरकरीणही आहे. ती तिची सून, म्हणजे माझी वहिनी.

सासू आणि सून दोघी मसूरच्या असणे हा योगायोग नव्हे. वहिनी ही चुलतीच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे. माझ्या चुलत भावाने मामाची मुलगी केली. आमच्याकडे यात कोणाला काही सांगण्यासारखे वाटत नाही. लहानपणी मामाच्या गावाला गेले की थट्टेत हमखास निघणारा विषय एका घरात खरा झाला, एवढेच.

यादीतल्या आडनावांवरून माणसांचे नातेसंबंध आणि हालचाल मोजण्याचे एक शास्त्र आहे, आणि ते सुरूच मुळी चुलत-मामे भावंडांच्या लग्नापासून होते. १८७५ साली जॉर्ज डार्विन या तरुण गणितज्ञाने इंग्लंडमधल्या अशा लग्नांवर एक निबंध प्रसिद्ध केला. हा चार्ल्स डार्विनचा मुलगा. पुढे भरती-ओहोटीच्या गणितासाठी नावाजला गेला. बापाला या प्रश्नाने आधीपासून ग्रासले होते. जवळच्या नात्यातल्या लग्नाचा संततीवर काय परिणाम होतो, हे कळावे म्हणून १८७१च्या जनगणनेत तसा प्रश्न घालावा, असा प्रयत्न त्याने मित्रांमार्फत पार्लमेंटमध्ये करून पाहिला होता. सभासदांनी तो नाकारला. सरकार विचारणार नाही म्हटल्यावर मुलाने आडवाट शोधली. वर्तमानपत्रात लग्नाच्या जाहिराती छापून येत. त्यांत वधू आणि वर दोघांचे आडनाव एकच असलेली लग्ने त्याने मोजली. स्मिथने स्मिथशी केलेले लग्न नात्यातले असेलच असे नाही, म्हणून सर्रास आढळणाऱ्या आडनावांचे प्रमाण पाहून योगायोगाचा वाटा वजा केला. मग परिचितांत पत्रके पाठवून नात्यातल्या एकूण लग्नांपैकी किती लग्नांत आडनाव एक असते, याचा अंदाज बांधला आणि त्या पटीने आकडा वाढवला. लंडनमध्ये शंभरात दीड आणि अमीर-उमरावांत शंभरात साडेचार, असा त्याचा हिशेब निघाला. कोणाच्याही घरात न शिरता, कोणाला अवघड प्रश्न न विचारता काढलेली ही उत्तरे आहेत, आणि त्यातली हुशारी मला अजूनही थक्क करते.

पण या गोष्टीतली खरी गंमत जॉर्जच्या स्वतःच्या घरात आहे. त्याची आई एमा ही माहेरची वेजवूड. त्याची आजी, म्हणजे चार्ल्सची आई सुझाना, हीसुद्धा माहेरची वेजवूडच. एमाचे वडील आणि सुझाना ही सख्खी भावंडे. आपल्या भाषेत सांगायचे तर चार्ल्स डार्विनने १८३९ साली मामाची मुलगी केली. वराचे आडनाव डार्विन, वधूचे वेजवूड. जाहिरात वाचणाऱ्याला यात नाते दिसण्याचे कारण नाही. ज्या लग्नातून हा प्रश्न या घरात आला, ते लग्न मुलाच्या मोजणीत स्वतःच्या नावानिशी कधीच सापडणार नव्हते. ते फक्त शेवटी वाढवलेल्या पटीत कुठेतरी धरले जाणार होते. सुझाना चार्ल्सच्या लहानपणीच, १८१७ साली वारली, त्यामुळे सासू-सुनेची गाठ पडली नाही. पडली असती आणि ते घर आमच्या गावात असते, तर एक थोरली आणि एक धाकटी वेजवूडकरीण झाली असती.

पुढे १९६५ साली जेम्स क्रो आणि आर्थर मँज या जनुकशास्त्रज्ञांनी या कल्पनेला नेटके सूत्र दिले. उत्तर अमेरिकेतल्या हटराइट या पंथाची माणसे त्यांच्यासमोर होती: मोजकीच आडनावे, आपापसातच लग्ने आणि नीट ठेवलेल्या वंशावळी. त्यांचे म्हणणे असे की एकाच आडनावाच्या वधूवरांचे प्रमाण घ्या आणि त्याला चाराने भागा. जो आकडा येतो तो त्या समाजाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे मुलाला एकाच पूर्वजाकडून एकच जनुक दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता. चार का, हे समजायला सोपे आहे. सख्ख्या भावंडांच्या मुलांची लग्ने चार प्रकारे होऊ शकतात: दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले, मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी. यांपैकी फक्त पहिल्या प्रकारात वधूवरांचे आडनाव एक असते. चारही प्रकार सारख्याच प्रमाणात होत असतील, तर चारांतले एक लग्न नावावरून दिसते. अशा कुठल्याही लग्नातल्या मुलाचा गुणांक सोळाव्या हिश्शाएवढा असतो, आणि एक चतुर्थांशाला चाराने भागले की सोळावा हिस्सा येतो. एक पिढी लांबच्या भावंडांनाही हेच गणित लागू पडते.

'चारही प्रकार सारख्याच प्रमाणात' हे चार शब्द वाचताना मराठी माणूस थबकेल. आमच्याकडे चुलत बहीण ही बहीणच. तिच्याशी लग्न हा विचारसुद्धा उच्चारला जात नाही. मावसबहिणीचेही बहुतेक जातींत तेच. आत्याची मुलगी करणे अनेक घरांत पसंत नसते. उरते मामाची मुलगी, आणि ती चालते एवढेच नाही, तर अनेक जातींत तिच्यावर भाच्याचा हक्क मानला जाई. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेचा जो आढावा घेतला, त्यात महाराष्ट्र हा उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या रीतींच्या मधला पट्टा म्हणून येतो. उत्तरेत नात्यातले लग्नच नको, दक्षिणेत मामाशीही चालते, आणि इथे मामाच्या मुलीशी चालते. त्यावर कुळ आणि देवक पाहण्याची रीत आली, म्हणजे जिथे आडनाव हे कुळाचे नाव असते तिथे एकाच आडनावात लग्न होणेच नाही. आता हे सूत्र आमच्या गावाला लावून पाहा. एकाच आडनावाचे वधूवर: शून्य. शून्याला चाराने भागले: शून्य. कागद म्हणतो की या गावात नात्यातले लग्न होत नाही. आणि वहिनी ओसरीवर बसून सासूला, जी तिची आत्याही आहे, चहा देते आहे.

सूत्र चुकीचे नाही. ते इंग्लंडच्या रीतीवर बेतलेले आहे, आणि रीत बदलली की नावाची साक्षही बदलते.

मुंबईत ल. द. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बारा अंतर्विवाही, म्हणजे आपापसातच लग्ने करणाऱ्या, गटांतल्या नात्यातल्या लग्नांचे प्रमाण मांडले, ते थेट लग्नांतले नाते धरून. आडनावाची आडवाट इथे बंद होती. मला मात्र वाटते की वाट अगदीच बंद नव्हती. ती पुरुषांच्या नावात शोधली गेली, म्हणून सापडली नाही. आमच्या गावात चिठ्ठी काढताना ज्या नावाने काम झाले, त्याच नावात ती होती. सासू आणि सून यांचे माहेर एक असेल, तर तिथे मामाच्या मुलीशी लग्न झालेले असण्याची शक्यता मोठी. माहेरचे गाव आणि माहेरचे आडनाव दोन्ही जुळली, तर शंका जवळजवळ उरत नाही. मावळण तीच सासू, हे गावात कोणीही सांगेल. जॉर्ज डार्विनने वधू आणि वर यांची नावे शेजारी ठेवून पाहिली. इथे सासू आणि सून यांची माहेरे शेजारी ठेवावी लागतील. अडचण एवढीच की ही नावे कुठल्याही दप्तरात लिहिलेली नाहीत. ती रांगेतून ओरडायची नावे आहेत. बाई गेली की नावही जाते.

आडनावाची साक्ष काढताना ते कोणी, कुठे आणि कशासाठी दिले, हे आधी विचारावे लागते. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देशमुख ही वतनाची नावे. एकेका गावाला एकेक पाटील, म्हणजे जितकी गावे तितके मूळपुरुष. दोन पाटलांचे नाते असेलच असे कोण म्हणेल? वतने कायद्याने गेली, कुलकर्णी वतन १९५० सालच्या कायद्याने गेले, नावे राहिली. गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली. शेजारच्या दोन गावांतले दोन फर्नांडिस एका रक्ताचे असण्याचे काही कारण नाही. फिलिपीन्समध्ये तर १८४९ साली क्लाव्हेरिया या स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांचे छापील पुस्तकच काढले आणि त्यातून गावोगाव नावे वाटली. काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पाने आली, आणि अजूनही तिथे एका गावात एकाच अक्षरावरून सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी दिसते. तिथे आडनाव सारखे असण्यातून रक्ताविषयी काहीच कळत नाही, पण कोणी गाव सोडून कुठे गेले, हे मात्र अजून वाचता येते, कारण वाटप गावागावाने झाले होते. एकाच यादीतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही आणि दुसऱ्याचे चोख मिळते, हे मला या शास्त्रातले सर्वात शिकण्यासारखे वाटते.

आमची 'कर' लावलेली आडनावे ही हालचालीची नावे. ती गाव सांगतात, पण त्या गावात ती फारशी भेटत नाहीत. साताऱ्यात सगळेच सातारचे. तिथे सातारकर म्हणून वेगळे कोणाला काढणार? ते नाव पुण्यात, इंदुरात, बडोद्यात लागते. म्हणजे असे प्रत्येक आडनाव एका पुरुषाच्या एका प्रवासाची नोंद आहे: तो निघाला कुठून ते नावात, पोहोचला कुठे ते नावाच्या पत्त्यात. याचे मला माहीत असलेले सर्वात बोलके उदाहरण कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्रायल समाजाचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज आले, ही त्यांची परंपरागत कथा. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, खेड्यापाड्यांत ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. एका गावात घरे थोडी, त्यामुळे गावाचे नाव हीच घराची ओळख पुरेशी होती: रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर. ही आडनावे नकाशावर मांडली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याची गावे एकेक करून उजळत जातात. पुढे हा समाज मुंबईत आला, १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, आणि लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत रोहे आणि पेण यांची नावे हिब्रू अक्षरांत दारांवर लागली.

या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वंशांश लक्षणीय प्रमाणात आढळले, आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसला. रोहेकर या नावात रोहे आहे, आणि किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांची परंपरा आहे. त्या घरात आलेल्या पहिल्या कोकणी बाईचे गाव त्यात नाही.

वडिलांकडून मुलाकडे जाणारे आडनाव आणि वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांची वाट एकच, म्हणून जनुकशास्त्रज्ञांना आडनावे आवडतात. ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या, एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या इंग्लिश पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले, तर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे एकाच वळणाचे निघाले. अनेक शतके, अनेक दत्तक, अनेक लपलेल्या गोष्टी, आणि तरी निम्मे. टेलिफोन डिरेक्टरी हे या संशोधकांचे आवडते साधन झाले. इटलीतल्या इतालो बाराई यांच्या गटाने युरोपातल्या एकेका देशातली लक्षावधी नावे घेऊन दाखवले की शहरे जितकी लांब, तितकी त्यांची आडनावे वेगळी. संपत्तीच्या चढउताराचा माग काढायलाही हीच युक्ती वापरली गेली. फ्लॉरेन्स शहराच्या १४२७ सालच्या कराच्या नोंदी आणि २०११ सालच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर तेव्हा श्रीमंत असलेली आडनावे सहाशे वर्षांनंतरही वरच्या अंगालाच आढळतात. आपल्याकडे असे कोणी पाहिले तर काय निघेल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. आडनावात जात वाचणाऱ्या समाजात आडनाव लपवणे हीही एक हालचालच असते. बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. शाळेच्या पटावर गावाचे नाव आले. गावाच्या नावामागे जात झाकता येते, हे महाराष्ट्रात अनेक घरांना ठाऊक होते, आणि अशा घरांतला 'कर' प्रवासापेक्षा त्या गरजेची साक्ष देतो.

हे सगळे वाचताना डोळ्यांपुढे सतत पुरुषच चालत राहतात. भारताच्या जनगणनेत मात्र स्थलांतराचे सर्वात मोठे कारण नोकरी नाही, धंदा नाही, दुष्काळही नाही. ते लग्न आहे, आणि त्यापायी गाव सोडणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत. आपण त्याला स्थलांतर म्हणतही नाही. मुलगा मुंबईला गिरणीत गेला तर त्याच्यावर लावण्या-पोवाडे झाले. मुलगी दहा कोसांवर दिली तर ती नांदायला गेली, एवढेच. मार्क सीलस्टॅड, मिंच आणि काव्हाल्ली-स्फोर्झा यांनी १९९८ साली दाखवले की वाय गुणसूत्रांतला प्रदेशाप्रदेशांतला फरक जास्त आहे, आणि फक्त आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांतला कमी. त्यांचा अर्थ असा की पिढ्यानपिढ्या स्त्रियांचे स्थलांतर पुरुषांच्या सुमारे आठपट झाले. आठ या आकड्यावर पुढे वाद झाले. पण २००१ साली थायलंडमधल्या डोंगरी जमातींत एक सुरेख पडताळा मिळाला. तिथल्या काही जमातींत सून सासरी येते, तर काहींत जावई सासुरवाडीला राहायला जातो. दुसऱ्या प्रकारच्या जमातींत चित्र बरोबर उलटे निघाले: तिथे गावागावांतला फरक मायटोकॉन्ड्रियात जास्त होता. म्हणजे यात स्त्रीपुरुषांच्या प्रकृतीचा काही भाग नाही; लग्नानंतर उंबरा कोणी ओलांडायचा, ते ठरवणाऱ्या रीतीचा आहे.

ज्या समाजांत आईचे नावही कागदावर येते, तिथे संशोधकांचे काम सोपे होते. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावे असतात, सहसा पहिले बापाकडचे आणि दुसरे आईकडचे. तिथल्या मतदार यादीचे एक पान घेतले, तर प्रत्येक ओळीत दोन घराणी दिसतात, आणि 'गार्सिया गार्सिया' असे नाव आले की आईबाप एकाच नावाचे होते हेही कळते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम सक्तीचा केला. हा निर्णय मला मनापासून आवडला. तरी त्यात येते ते आईचे पहिले नाव. तिचे माहेर, जिथून ती आली ते गाव, त्याला याही ओळीत जागा नाही. सुनंदा, मंगल, शोभा ही नावे कुठल्याही नकाशावर मांडता येत नाहीत.

आडनाव संपण्याचेही एक गणित आहे. फ्रान्सिस गाल्टन याने ते १८७३ साली कोडे म्हणून छापले, आणि वॉटसन नावाच्या पाद्र्याने त्याचे गणित मांडले: प्रत्येक पुरुषाला काही शक्यतेने काही मुलगे होतात, तर एखादे आडनाव नाहीसे होण्याची शक्यता किती? हेच गणित नंतर अणूंच्या साखळी प्रक्रियेला वापरले गेले. त्या समीकरणात मुलगी झाली की शून्य धरतात. आमच्या आळीत एका घरात पाच मुली आहेत, पाच गावांना दिलेल्या, नातवंडांनी भरलेल्या. गाव म्हणते, त्यांचा वंश बुडाला. गाव आणि गाल्टन यांचे एवढ्यापुरते एकमत आहे.

त्या उन्हाळ्यात गावी होते तोवर मी चुलतीला विचारून भावकीतल्या बायकांची माहेरे लिहून काढायला सुरुवात केली. कामाला वेळ लागला नाही. तिला सगळी पाठ होती, मेलेल्यांचीसुद्धा. ज्या आजेसासवांची पहिली नावे तिला सांगता येत नव्हती, त्यांची माहेरे तिने चटकन सांगितली. वहीत तीन पिढ्या भरल्यावर एक ढब दिसू लागली. सर्वात जुन्या बायकांची माहेरे बैलगाडीने सकाळी निघून दुपारी पोहोचता येईल अशी, आणि बरीचशी आठवडी बाजाराच्या गावाभोवती. पुढच्या पिढीची माहेरे लांबली, पण सैरावैरा नाही. ती एसटीच्या रस्त्याने लांबली. डोंगराच्या पलीकडचे जवळचे गाव वहीत एकदाही नाही आणि रस्त्यावरचे लांबचे गाव पुन्हा पुन्हा आहे. सासू-सुनेचे माहेर एक असलेली घरे जुन्या दोन पिढ्यांत सहज सापडतात. खालच्या पिढीत ती विरळ होत जातात, आणि असे लग्न ठरवताना हल्ली कोणीतरी डॉक्टरचे मत काढतेच.

अडले ते शेवटच्या पिढीत. नव्या सुनांना आता कोणी माहेरच्या गावाने हाक मारत नाही. त्या प्रियांका, स्नेहल, पूजा आहेत, आणि ते मला बरेच वाटते. पण वहीत माहेर लिहायचे तर काय लिहायचे? चुलतीच्या धाकट्या नातसुनेचे माहेर चिंचवड. चुलती म्हणाली, "चिंचवड कसलं, ती रहिमतपूरचीच. बाप कंपनीत लागला म्हणून तिकडं ऱ्हातोय." बापाचे घर, शेत, देव रहिमतपूरला; मुलगी जन्मली, शिकली चिंचवडला; लग्नाची पत्रिका दोन्ही पत्त्यांची. लग्न झाल्यावर नवरा-बायको राहतात हिंजवडीला, आणि मतदार यादीत नाव आहे आमच्या गावात. मी नातसुनेला फोन करून तिलाच विचारले, तर ती म्हणाली, "आत्या, माहेर म्हणजे मम्मी-पप्पा राहतात ते ना? मग चिंचवडच लिहा." मी वहीत रकाना वाढवून दोन्ही गावे लिहिली, आणि वरच्या पिढ्यांतल्या बायकांसाठीही तो दुसरा रकाना लागतो का, हे चुलतीला पुन्हा पहिल्यापासून विचारायला बसले. थोरल्या मसूरकरणीचा बाप मसूरचा नव्हता, हे तेव्हा कळले. तो विट्याहून येऊन मसूरला राहिला होता.